घंटा तापत नाही

लोखंडावर लोखंडाची ती कोरडी, लखलखीत किणकिण आठवली की अजूनही माझे मनगट आपोआप सैल होते. सौदीतल्या धाहरानच्या वसाहतीत, शेजारणीच्या घरी, एका शुक्रवारी दुपारी ती किणकिणणारी लोखंडी घंटा आणि तिची सळई माझ्या हाती आली. शेजारीण घानाची, अकान जमातीची. नवरा त्याच देशाचा, पण एवे. आणि काखेत डमरूसारखा ढोल दाबून बसलेला त्यांचा मित्र उत्तरेकडचा, दागोम्बा.

“हा ढोल आम्ही अकानांनी यांच्या लोकांकडून घेतला,” शेजारीण मला सांगत होती.

“घेतला ना? मग परत कधी देणार?” मित्राने विचारले.

एवढ्यात नवरा भांडी घासून, हात पुसत बाहेर आला आणि सगळे एकदम ओरडले, “अयेकू!” काम करणाऱ्याला द्यायची ही शाबासकी, अकानांची आणि एवेंचीही.

शेजारणीची आई दुसऱ्या दिवशी मायदेशी परतणार होती. जाण्याआधी तिने एकदा अडोवा, हा अकानांचा नाच, नाचावा, एवढीच लेकीची इच्छा. पण घंटा वाजवणारा नेमका ड्यूटीवर गेलेला, आणि घंटा डळमळली तर आई खुर्चीतून हलायची नाही. घंटा माझ्याकडे आली.

मी ठेका धरला. त्यावर ढोल उतरले, आणि माझ्या अंगातून वीजच गेली! मी रत्नागिरीची, आमच्या जाखडीत रंग भरू लागला की लय चढतेच. मीही चढवली. ढोल अडखळले, थांबले. आईने हात मांडीवर दुमडून घेतले.

“सिस्टर, पळतेस कुठे? बस सुटली का तुझी?” नवरा हसला. शेजारीण मात्र हसली नाही. हलकेच म्हणाली, “घंटा तापत नाही गं. तापायचं ते आम्ही.”

पुन्हा सुरुवात केली. तळलेल्या केळ्यांचा गोड, करपट वास, काखेतल्या ढोलाचे माणसासारखे हुंकार, सारे मला पुढे ओढत होते. छाती धावत होती, मनगट मात्र मी जागच्या जागी रोखून धरले. आणि आई उठली! पावलांनी जमीन जेमतेम चाचपत, तळवे पाकळ्यांसारखे उलगडत मिटवत ती थेट माझ्यासमोर आली. माझ्या डोक्यावर तिने दोन बोटे धरली, त्यांच्याकडे दाद देतात तशी, आणि म्हणाली,

“अयेकू.”