पाळीवरचा फोन

नागपूरच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा माझ्या अंगात आयर्लंडचा जाड कोट होता आणि समोर डिसेंबरचं लख्ख ऊन. माझा भाऊ न्यायला येणार होता, पण गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात त्याची ड्यूटी ऐनवेळी बदलली. "टॅक्सी करून ये," तो फोनवर म्हणाला. टॅक्सीवाल्याला ब्रह्मपुरीच्या पुढचं आमचं खेडं सांगितलं, तसा तो "उधर से खाली आना पडता है मॅडम" म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग काय, बस.

मागच्या खेपेला हा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. ते अजून चाललंच होतं. खिडकीच्या काचेतून आत येणारी धूळ माझ्या कोटावर बसत होती आणि मी ती झटकत होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने बराच वेळ ते पाहून घेतलं.

"कुठी राह्यते व माय?"

"आयर्लंडले."

"थे कुठी आलं?"

"इंग्लंडच्या बाजूले."

"हाव का. मंग परत कधी चालली?"

अजून घरी पोचायची होते मी. पण परदेशातून आलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. आली कधी आणि चालली कधी, एकाच दमात विचारतात. सुरुवातीला मला राग यायचा, जणू माझ्या जाण्याचीच घाई आहे सगळ्यांना. आता नुसता कंटाळा येतो.

ब्रह्मपुरीला जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं मला वाटलं त्यानंतरही तिच्यात पुष्कळ माणसं मावली. माझी चाकाची बॅग टपावर धानाच्या पोत्यांशेजारी दोरीने आवळली होती. गावात उतरले तर गल्लीत ताजी गिट्टी टाकलेली. विमानतळाच्या फरशीवर बोटाने ढकलली तरी पळणारी बॅग तिथे बैलासारखी अडून बसली. शेवटी वहिनी धावत आली, "राहू द्या ताई," म्हणाली आणि पदराची चुंबळ करून तिने ती थेट डोक्यावर घेतली. मी मागून रिकाम्या हाताने चालत घरी गेले.

बाबा ओट्यावर उभे होते. मफलर, कुडता, आणि गेल्या वेळेपेक्षा सैल झालेलं घड्याळ मनगटावर. मी पाया पडले, तर म्हणाले, "आली का बाई? जेवली का?" एवढंच. बाबा समोरासमोर कमीच बोलतात. ऐकूही कमी येतं त्यांना. आई गेल्यावर मी दर रविवारी फोन करू लागले तेव्हापासूनच आमचं खरं बोलणं सुरू झालं म्हणायचं. समुद्रापलीकडून मी त्यांना जे सांगितलं, ते याच घरात लहानाची मोठी होताना कधी सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस मी तक्रारीच करत होते. तोंडाने नाही, मनातल्या मनात. चहात साखर इतकी की दात शिवशिवायचे. शेजारच्या देवळातला भोंगा पहाटेच सुरू व्हायचा. धान मळायचं यंत्र गल्लीत आलं की दिवसभर घरात कोंडा उडायचा. बँकेच्या कामासाठी मोबाइलवर जो आकडा यायला हवा, तो येईना. फोन उंच धरून मी अंगणात, माडीवर, विहिरीपाशी फिरले. एक रेघ उमटायची आणि लगेच पुसली जायची.

"इथी नाई येत ताई नेटवर्क," वहिनी तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "पाळीवर जा लागते."

आमच्या गावाचा तलाव मोठा आहे, जुन्या मालगुजारांच्या काळातला. गाव संपलं की एक पांदण, आणि मग तलावाची उंच पाळ, मातीचा जुना बांध. पलीकडचा काठ सरळ जंगलाला भिडलेला.

"मंग बाबा रविवारी कुठून बोलतेत?" मी विचारलं.

वहिनीने सूप थांबवलं. "पाळीवरून. तुमाले माईत नाई?"

मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यापुढे नेहमी ओट्यावरची आईची खुर्ची असायची आणि तीत बसून फोनवर बोलणारे बाबा. मधूनमधून वाऱ्याचा आवाज यायचा, पाखरं ओरडायची, कोणी तरी खोकायचं. मला वाटायचं शेजारचं कोणी बसलं असेल. हॉस्पिटलात माझी शनिवारची रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन झोपायचं, दुपारी उठून कॉफी घ्यायची आणि बाबांना फोन लावायचा, असा माझा रविवार ठरलेला. माझी दुपार म्हणजे इथे दिवेलागण.

रविवार आला. मी इथेच, घरात, त्यांच्यासमोर मटार सोलत बसलेली. ऊन उतरलं तसे बाबा उठले, स्वेटर चढवला, मफलर कानाभोवती गुंडाळला आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

"बाबा, कुठी चालले?"

"पाळीवर."

"अवो पण मी तं इथीच आहो. फोन कोन करन?"

बाबा क्षणभर थबकले. "ते खरं हाये," म्हणाले. "पन ते लोक वाट पाहात असतीन ना."

कोण लोक, ते विचारायला मी चप्पल अडकवून त्यांच्या मागे निघाले.

पांदणीच्या तोंडाशी चार माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ, तलावात मासोळी धरणाऱ्या घरांमधले. सारं गाव त्यांना भाऊ म्हणतं. त्यांच्या हातात कुऱ्हाड होती. बाकीच्यांपैकी एकाकडे मोठी बॅटरी, एकाकडे पत्र्याचा डबा आणि लाकूड. आम्ही चालू लागलो तसा तो डबा वाजवू लागला. ढण, ढण, ढण. मी बाबांकडे पाहिलं. ते मजेत चालले होते.

"हे काऊन वाजवून राह्यले?" मी भाऊंना विचारलं.

"जनावराले समजावं, आपन येऊन राह्यलो म्हून," भाऊ म्हणाले. "पोळ्याच्या आधी पल्ल्याडच्या काठाले गाय मारली त्यानं. तवापासून एकट्यानं कोनी येत नाई इकडे. तुह्या बाबाले तं आमी सोडतच नाई."

माझे पाय आपोआप बाबांच्या जवळ गेले. म्हणजे मी तिकडे पायावर पाय टाकून कॉफी घेत असायचे, आणि इकडे माझ्या एका फोनसाठी चार माणसं डबा वाजवत अंधारात शिरायची. "बाबा, आवाज तुटून राह्यला, जरा नीट धरा ना फोन," असं मी किती सहज म्हणायचे.

पाळीवर पळसाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. त्यावर आधीच पोतं अंथरलेलं. बाजूला शेकोटी पेटवून भाऊंची बायको गल्लीतल्या दोघींसोबत बसली होती आणि शेजारी टोपलीत उकडलेले शिंगाडे. माझ्याकडे तिने नीट पाहिलं.

"ही फोनमधली बाई का?"

"हाव," बाबा म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी मला बाजारातून आणलेल्या चांगल्या बैलजोडीसारखं दाखवलं.

"आवाज तं तोच हाये," ती म्हणाली. "बस माय. तुह्या घरचा नळ सुधरला का? गळून राह्यला होता ना?"

मी बाबांकडे वळले.

"आन थे तुह्यी मोठी सिस्टर, सुटी देत नाई थे, अजून तशीच खराब हाये का?" डबेवाल्याने विचारलं.

"याहिले कसं माईत?" मी बाबांना म्हणाले.

बाबांनी कान चाचपला. "मले ऐकू येत नाई ना नीट. म्हून मी थे मोठा आवाज लावून ठेवतो."

म्हणजे स्पीकर. इतक्या वर्षांत एकही रविवार मी बाबांशी एकटीने बोलले नव्हते. माझा घरमालक, माझं भाडं, माझं जमता जमता मोडलेलं लग्न, बर्फावर घसरून सुजलेला घोटा, हे सगळं या पाळीवर शिंगाडे सोलत ऐकलं गेलं होतं. माझे कान तापले. एक दुपार आठवली, वॉर्डातला एक म्हातारा पेशंट गेला होता आणि मी फोनवर रडले होते, कारण त्याची बोटं बाबांसारखी होती. तेही यांनी ऐकलं असणार. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

भाऊंच्या बायकोने बहुतेक ते ओळखलं. एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवत ती हळू आवाजात म्हणाली, "तू रडली होती ना एका आयतवारी. फोन बंद झाला आन तुहा बाबा उठेच ना इथून. मंग आमी त्याले आमच्या घरी नेलं. झिंग्याची भाजी केली. पोटभर जेवला, मंग घरी पोचवून देल्लं."

बाबा तलावाकडे पाहत होते. त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. मी शिंगाडा तोंडात टाकला. तो अजून गरम होता. उठून जायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. गडचांदूरला माझ्या भावाला फोन केला, अर्थात पाळीवर जाऊन, दिवसाढवळ्या, वहिनीला सोबत घेऊन. "घरी वायफाय लावून टाक, खर्च माझा," म्हटलं. तो म्हणाला की वायर शेजारच्या गावापर्यंत आली आहे, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आपल्याकडेही येईल. मी खूश होऊन बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"फोन घरी आला तं मी पाळीवर कायले जाऊ?" ते म्हणाले.

"जाऊच नका ना. तिथी वाघ हाये!"

"तो त्याच्या जागी हाये. आमी आमच्या जागी." मग मफलर सारखा करत, "घरी बसून मी त्याहिले काय सांगू, माह्या पोरीचं?"

वहिनी चुलीपाशी होती. रात्रीच्या जेवणाला तिने मला सांगितलं, "ताई, सासूबाई गेल्यावर बाबा घराबाहेर निघतच नोयते. तुमच्या फोनानं निंघाले." झोपताना एक गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. फोनची जागा बदलायची नसेल तर वेळ बदलावी.

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी तो विषय पाळीवर काढला. मोठी चर्चा झाली. सकाळ जमेना, कारण सकाळी जाळी काढायची असतात. ऐन दुपारी सगळे जेवून लवंडतात.

"तू ड्यूटीवरून घरी येते, तवा आमच्या इथी काय वाजते?" भाऊंनी विचारलं.

मी हिशेब केला. "जेवनं झाल्यावरची दुपार असते. तीनच्या आधी."

"मंग तवाच कर. उजेडात."

"पन थे झोपन कवा?" भाऊंची बायको मध्येच म्हणाली. "रातभर जागते थे."

"झोपीन ना बोलून झाल्यावर," मी म्हटलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डबेवाला म्हणाला, "म्हंजे आता माह्या डब्याचं काम नाई?" आणि सगळे हसले. भाऊंनी सांगितलं की कुऱ्हाड ते तरीही आणतील, दिवसाही भरवसा नसतो. बाबांना स्पीकर बंद करायला सांगावं असं आदल्या रात्रीपर्यंत माझ्या मनात होतं. ते सांगितलं नाही.

परतीच्या प्रवासात बस त्याच रस्त्यावर त्याच धुळीत अडकली. विमानतळावर माझ्या बॅगेतून वहिनीने दिलेलं मोहाचं लोणचं काढून घेतलं, आणि तपासणाऱ्या माणसाने वास घेऊन मला "ये क्या है मॅडम?" असं चारचौघांत विचारलं. मी चिडले, भांडले, लोणचं गेलंच. डब्लिनला उतरले तर पाऊस, आडवा, बोचरा. दुसऱ्याच दिवसापासून ड्यूटी.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी रात्रपाळीवरून घरी आले, बूट काढले आणि कपडे न बदलता अंथरुणावर पडून फोन लावला. पहिल्यांदाच आवाज स्वच्छ आला. बाबांनी धान विकल्याचं सांगितलं, वहिनीच्या शेळीला दोन पिल्लं झाली म्हणाले. मागून भाऊंची बायको पिलांचा रंग सांगत होती. मी "हं, हं" म्हणत होते. मग काय झालं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि फोन गालाखाली बंद पडलेला.

पुढच्या रविवारी मी आधी माफी मागितली. "बाबा, मी बोलता बोलता झोपूनच गेली. तुमी फोन काऊन नाई ठेवला?"

"ठेवून देत होतो. पन ही म्हने, राहू दे, झोपू दे पोरीले," बाबा म्हणाले. ही म्हणजे भाऊंची बायको. "आमी चूपचाप बसलो मंग. कोनी खोकललं बी नाई. भाऊची तं डुलकीच लागली."

"किती वेळ बसले?"

"फोनची बॅटरी संपेपर्यंत." मग ते म्हणाले, "तू घोरते व बाई."

आणि मागे पाळीवर सगळे मोठ्याने हसले.