पाहुण्यांची वीट

काळजी करायला रोहिणीला कारण लागत नसे, तरी नववीत गेलेल्या मनालीने एक आणून दिलंच. नाशिक रोडच्या तिच्या शाळेत एक व्यवसाय विषय घ्यायचा होता. वर्गातल्या मुलींनी ब्युटी पार्लर घेतलं, हिने बांधकाम.

रोहिणी एम.ए., पतसंस्थेत नोकरीला. सासरे पुंजाराम, घरातले नाना, निफाडहून आलेले गवंडी. घरात पुन्हा कुणी थापी धरू नये, म्हणून उभी हयात त्यांनी विटा रचल्या. आता शाळेने त्याच थापीला ‘कौशल्य’ असं गोंडस नाव दिलं होतं, वर पिवळं हेल्मेट फुकट! नानांच्या डोक्यावर घमेलं होतं, तेव्हा हा शब्द कुणाला सुचला नव्हता.

“नाना, तुम्ही तरी सांगा तिला.”

“मी काय सांगू? तीच मला सांगती, ओझं उचलताना कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. लय उशीर केला म्हनावं.”

मग रोहिणी मुख्याध्यापिकांकडे गेली. विषय बदलून द्या. मॅडम गोड हसल्या. “वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही, रोहिणीताई. नियम आहे.” पंधरवड्याने ती पुन्हा गेली. नियम जागचा हलला नव्हता.

पालकसभेला रोहिणीसोबत नानाही आले. मैदानात मुलांनी चिखलात रचलेल्या छोट्या भिंती उभ्या होत्या. संध्याकाळी त्या उतरवायच्या आणि त्याच विटा पुढच्या आठवड्यात वापरायच्या. पडणार हे आधीच सांगून बांधलेली बांधकामं शहरात विरळाच! प्रमुख पाहुणे होते एक बिल्डर. फोटोसाठी त्यांच्या हाती थापी दिली. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत मनालीच्या भिंतीवर वीट ठेवली. टाळ्या झाल्या.

मनालीने ओळंबा सोडला, दोरीकडे पाहिलं, वीट उचलली आणि पुन्हा बसवली.

“अगं, पाहुण्यांची वीट आहे ती!” मॅडम ओरडल्या.

“हो मॅडम, पण बाहेर आली होती.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नानाच असावेत. पाहुण्यांना एकाएकी दुसरा कार्यक्रम आठवला.

थोड्या वेळाने मॅडमनी रोहिणीला ऑफिसात बोलावलं. “तुमचंच बरोबर होतं. ही मुलगी बांधकामाला नको. उद्यापासून पार्लरच्या वर्गात बसवते.”

“आणि नियम?”

“नियमाचं मी बघते.”

दोन हेलपाटे घालून जे मिळालं नव्हतं, ते आता चहासोबत पुढ्यात आलं होतं. शहाण्या बाईने आभार मानून चहा प्यावा. रोहिणीने कप बाजूला सरकवला.

“मॅडम, भिंतीचे मार्क कुणाला मिळणार होते?”

“मनालीला. का?”

“मग वाकडी वीट तिने का ठेवून घ्यायची?”

“अहो, पाहुणे होते ते!”

“असतील. पण वर्षाच्या मध्ये विषय बदलता येत नाही. तुम्हीच सांगितलंत. दोनदा.”

चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. मॅडम आता मनालीचे मार्क कापतील, ही नवी काळजी तिने दारातच सुरू केली होती. मैदानात मनाली भिंत उतरवत होती, नाना विटांचा चिखल खरवडत होते.

“आई, काढलं का मला?”

“गुडघ्यात वाक आधी,” रोहिणी खेकसली. “आणि हेल्मेट कुठंय?”