विमलबाईंनी नेलेला भाचा

दुष्काळात चारा छावणीत बुजलेल्या बैलानं धडक दिली आणि दिंद्रुडच्या विमलबाईंचे दोन्ही गुडघे कायमचे गेले. पण त्याच दुष्काळात त्यांनी बाया गोळा करून दूध संस्था उभी केली. आजूबाजूच्या गावांत दावणी ओस पडत होत्या, तेव्हा या बायांनी गाई राखल्या. ही हकिगत ऐकायला जर्मनीतल्या एका सहकारी मेळाव्यानं विमलबाईंना बोलावलं.

"एकट्या कशा जाताल, आक्का?" संस्थेचे चेअरमन मोहनराव म्हणाले. विमलबाई त्यांना दरवर्षी राखी बांधत. "आपल्या उत्तरेश्वरला सोबत न्या. माझा पोरगा म्हंजी तुमचाच भाचा हाय."

अपंग माणसाचा सोबती म्हणून उत्तरेश्वरला व्हिसा मिळण्यासारखा होता. मुंबईत वकिलातीतल्या बाईंनी विचारलंच, "हा परत येईल याची खात्री काय?"

"मी हाय की," विमलबाई म्हणाल्या. "माझ्या जबाबदारीवर नेते त्याला."

विमानतळावर त्यांच्यासाठी व्हीलचेअर आली. लांबलचक रांगा बाजूला राहिल्या आणि खुर्चीमागून उत्तरेश्वरही झरझर पुढं गेला. विमानात तो त्यांच्या पायांवर शाल नीट करायचा, "आत्या, पानी देऊ का?" विचारायचा. त्यांना लई कौतुक वाटलं पोराचं.

मेळाव्यात त्या मराठीत बोलल्या, दुभाष्यानं सांगितलं, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरची खोली रिकामी होती. पोराला काही झालं की काय म्हणून विमलबाईंनी रडून रडून यजमानांना दवाखाने पालथे घालायला लावले. दुपारी फोनवर त्याचा आवाज आला: "आत्या, मला शोधू नका. दोस्ताकडं कामाला राहिलोय. माझ्या बापाला सगळं ठाव हाय."

परतीच्या प्रवासात शेजारची जागा मोकळीच होती. परक्या माणसाकडं हाताचा आधार कसा मागायचा, म्हणून संडासला जावं लागू नये यासाठी त्या वाटेत पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

घरी न जाता त्या थेट मोहनरावांच्या दारात उतरल्या.

"कावून केलं असं?"

"हितं पोराला काय ठेवलंय, आक्का? पाऊस न्हाई, काम न्हाई. अन् तुमचं काय बिघडलं? सुखरूप आलात न्हवं?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमी नेलं नसतं."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी त्याच मेळाव्याचं संस्थेतल्या छबुबाईला बोलावणं आलं. तिनं नवं लुगडं घेतलं, नातवंडांना विमान काढून दाखवलं. व्हिसा नाकारला गेला. संस्थेतर्फे आधी गेलेला माणूस परतला नव्हता.

वार्षिक सभेत विमलबाईंनी सगळं सांगितलं. "छबूचं जाणं माझ्या शब्दापायी हुकलं. अन् माझ्या शब्दाची माती ह्या मोहनरावानं केली." मोहनराव शांतपणे चहा पीत राहिले. गावाला पाणी त्यांच्याच टँकरचं होतं. एकही बाई बोलली नाही. फक्त छबुबाई उठून विमलबाईंच्या शेजारी जाऊन बसली. मोहनराव पुन्हा चेअरमन झाले.

राखीच्या दिवशी त्यांनी विमलबाईंना आणायला गाडी पाठवली. विमलबाई गोठ्यात स्टुलावर बसून धार काढत होत्या. ड्रायव्हर बराच वेळ उभा राहिला, दोनदा हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही.