एसेनकुलच्या हातचे म्हातारे

माणसाचा चेहरा समोर आला की तो कुठे कुठे झिजलाय हे बघितल्याशिवाय एसेनकुलला चैन पडत नसे. नारीन गावच्या बाजारात तो बटाटे आणायला जायचा आणि बटाटेवाल्या म्हातारीच्या कानाच्या पाळ्या न्याहाळून परत यायचा. बटाटे राहूनच जात. नाटकघरात रंगभूषा करण्यात त्याचा उभा जन्म गेला. लेटेक्सच्या रबराची नाकं, सुजलेले ओठ, तलवारीच्या जखमा, सगळं त्याच्या हातचं; पण खरी हौस म्हातारे घडवायची. तरण्या पोराची कातडी बोटांनी ताणून धरायची, वर पातळ लेटेक्स थोपटायचं आणि वाळलं की सोडून द्यायचं. कातडी मागे येते आणि सुरकुत्या आपसूक पडतात.

स्वतःच्या म्हातारपणाशी मात्र त्याचं वाकडं होतं. वय सहासष्ट, मिशी काळीभोर. रोज सकाळी नाटकातल्याच काळ्या रंगाची कांडी तिच्यावरून फिरायची. वडिलांची दाढी पांढरी झाली तेव्हा काय झालं, ते त्याने पाहिलं होतं. ते आले की सगळे उठून उभे राहत, मटणाचा मानाचा तुकडा पुढे करत आणि गप्प बसत. पुन्हा म्हणून कुणी त्यांची थट्टा केली नाही. एसेनकुलला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

त्या दिवशी त्याने तिलेक नावाच्या तरुण नटाला ऐंशीचा करून टाकला. याकचे केस जाळीत एकेक ओवून केलेली दाढी चिकटवली.

"दादा, खाजतंय."

"खाजू दे. म्हातारपण आहे ते. आणि हसू नकोस, गालाची कड सुटेल."

"तुम्हाला काय कळतंय म्हातारपणातलं? तुमची मिशी अजून लग्नाला उभी आहे."

एसेनकुल खूश झाला. असं कुणी बोललं की त्याचा दिवस बरा जाई. मग नेहमीची उत्सुकता जागी झाली. रंगमंचाच्या दिव्यांत कुणीही फसेल, भर उन्हात हा चेहरा टिकेल का?

"समोरच्या गाडीतळावरून एक रोटी घेऊन ये," तो म्हणाला. "बघू कोण ओळखतंय."

खिडकीतून तो बघत राहिला. तिलेकला बघून बाकावरचे दोघे झटकन उठले. मग एक बाई आपल्या मुलीला घेऊन पुढे आली आणि दोघींनी तळवे उघडून छातीपुढे धरले. तिलेकही हात उचलून बराच वेळ काहीतरी बोलला. शेवटी तिघांनी तळवे तोंडावरून फिरवले.

परत आला तो खुशीतच. "मुलगी मॉस्कोला कामाला निघालीय. आजोबा हिवाळ्यात गेले, घरात आशीर्वाद द्यायला कुणी वडीलधारं उरलं नाही, असं आई म्हणाली. मग दिला मी, दुसऱ्या अंकातला, अख्खा. मुलगी रडली, दादा."

चेहरा उतरवायला एसेनकुलने तेलाचा बोळा हातात घेतला होता. आधी त्याला अभिमान वाटला, मग बोळा हातातच राहिला. पोरगी परमुलखात जाणार आणि तिच्या पाठीशी काय, तर त्याने सकाळी चिकटवलेलं म्हातारपण.

"नाही म्हणायचंस."

"चारचौघांत काय सांगू, दाढी खोटी आहे म्हणून?"

एसेनकुल बोळ्यासकट बाहेर पडला. गाडीत एकच जागा उरली होती. ती भरली की गाडी सुटणार. मुलीच्या आईला त्याने सगळं खरं सांगितलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही याकच्या केसांपुढे हात पसरले."

"चूक माझी आहे, बाई. मीच त्याला पाठवला."

"मग आणा आता खरा म्हातारा. तुम्ही तर माझ्याहूनही लहान दिसता."

बाकावरचे लोक हसले. त्याच हसण्यात मिसळून त्याला सुटता आलं असतं. मुलगी मात्र त्याच्याकडे बघत होती. एसेनकुलने बोळा मिशीवर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे घासला, मग पुन्हा घासला. हसणं थांबलं. बाकावरचे दोघे उठून उभे राहिले.

मायलेकींनी तळवे उघडले. त्याला नाटकातलं एक वाक्यही आठवेना.

"परकं दार तुला उघडं मिळो, आणि आपलं दार कधी बंद नसो. जाशील तशीच परत ये. ओमीन."

सुटण्याआधी गाडीच्या आरशात त्याने स्वतःला पाहिलं. मिशी पांढरी, पण ओठांजवळ पिवळसर. इतक्या वर्षांत एकाही म्हाताऱ्याला हा पिवळेपणा त्याने दिला नव्हता. चेहरा ओळखीचा वाटला. वडील असेच दिसायचे.

खोलीत आला तेव्हा ऐंशी वर्षांचा तिलेक खुर्चीतून उठून उभा राहिला.

"बस रे. सोलायचाय तुला अजून."

"तुम्ही बसा आधी, आजोबा."

एसेनकुल बसला. मग म्हणाला, "काय रे, मिशी अजून लग्नाला उभी आहे का?"

तिलेकने मान खाली घातली, चहा ओतला आणि पेला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.