ज्युरी आणि परंड्याची ज्वारी

चहा घ्या आधी. कप खाली ठेवला की सांगतो, कारण हे ऐकताना एकाच्या धोतरावर चहा सांडलेला हाय! माझी अशी फजिती झाली, की परंड्याची माणसं मला अजून नावानं हाक मारीत न्हाईत.

तेव्हा मला पिक्चर काढायचं याड लागलं होतं. सोलापूरच्या एका फोटोवाल्याकडून किल्ली पिळून चालणारा पिक्चरचा कॅमेरा मागून आणला आणि आमच्या बाजारातल्या शेळ्यांवर छोटा पिक्चर काढला. हसू नका! एकेक शेळी अशी उभी राहिली, की नटीनं बघून शिकावं!

पुण्याला माझा दोस्त दिगू कारकून होता. एक दिवस पोस्टात त्याचा ट्रंक कॉल आला. तारेत नुसती खरखर.

"गणपा, हितं हौशी लोकांचा चित्रपट महोत्सव हाय! पिक्चर घिऊन ये! पण ध्यानात ठेव, सगळं ज्युरीवर हाय!"

मला काय ऐकू आलं? ज्वारीवर!

"कशावर?" मी वरडलो.

"ज्युरी, ज्युरी! ती चांगली निघाली की तू पास! औंदाची लई कडक हाय म्हणं!"

फोन तुटला. शेजारी पोस्टमास्तर कान लावून बसलेलेच. म्हणाले, "कडक म्हंजे खडखडीत वाळलेली. बरुबर हाय. ओली ज्वारी कोण घेईल?"

आता पोस्टमास्तरच बोलले म्हटल्यावर शंका कशाला? आमच्या आबांनी पेवातली मालदांडी काढली, आईनं निवडली, पाखडली. मोत्यासारखी ज्वारी! एका हातात फिल्मचा डबा, खांद्यावर पोतं. एस.टी.नं कुर्डुवाडी, तिथनं रेल्वेनं पुणं. गाडीत गर्दी ही! पण पोतं काय मी मांडीवरनं हलू दिलं न्हाय.

हॉलच्या दारात कोटवाले एक गृहस्थ नावं लिहीत होते. मी म्हणालो, "परंड्याहून आलो. ज्वारी आणलीय."

ते ताडकन उठले. "ज्युरी? तुम्ही आणलीत? अहो, आमचा माणूस स्टेशनवर शोधतोय! प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला? मांडीवरच होती सारी वाट!"

पण तेवढ्यात त्यांना आतून कुणीतरी बोलावलं. पळता पळता ओरडले, "पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवा! पाणीबिणी विचारा!"

"पाणी नगं!" मी मागनं ओरडलो. "मोड येतील!"

खुर्चीवर इंग्रजीत पाटी होती. मी निजामाच्या अमलात शाळा शिकलेला. उर्दू फर्डी, इंग्रजीचा ठणठणाट. पाटी बाजूला सारली आणि पोतं ऐटीत बसवलं. मनात म्हटलं, वा रे पुणं! धान्याची काय ही इज्जत!

थोड्या वेळानं जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक पांढऱ्या केसांचे साहेब आले.

"ही माझी जागा आहे."

"न्हाय साहेब, ही ज्वारीची जागा हाय."

"हो. मीच ज्युरी."

मी त्यांना वरनं खालपर्यंत बघितलं. "तुमी... ज्वारी?"

अख्खा हॉल हसून फुटला हो! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पण साहेब मोठा माणूस. पोत्याशेजारी बसले आणि म्हणाले, "ज्युरी म्हणजे परीक्षक. आम्ही सिनेमे बघतो, चर्चा करतो, चांगल्याचं नाव पुढं करतो. पण बक्षीस सोडा हो, इथं चार वेडे भेटतात, तीच खरी कमाई. चला, पहिला तुमचाच सिनेमा लावू. द्या डबा!"

मी या बाजूला बघितलं. त्या बाजूला बघितलं. पोत्याखाली बघितलं.

डबा कुर्डुवाडीच्या फलाटावर! पोतं उचलायला दोन्ही हात लागले, म्हणून बाकड्यावर ठेवला होता.

स्टेशनमास्तरला तार गेली. तोवर मी तिथंच राहिलो. रोज पिक्चर बघितले. बंगाल्यांचे, मद्राशांचे, असे की रात्री झोप लागंना! माझ्या ज्वारीच्या भाकरी झाल्या. भाकरी मोडता मोडता एकानं मला भिंगं समजावली, एकानं कात्री कुठं लावायची ते सांगितलं. परंड्यात जन्म घालवला असता तरी हे कोण सांगणार होतं?

डबा आला तो महोत्सव उठल्यावर. पण साहेबांनी रिकाम्या हॉलात एकट्यानं बसून माझ्या शेळ्या बघितल्या. मी मागं भिंतीला चिकटलेला.

दिवे लागले. "कॅमेरा फार हलतो तुझा," ते म्हणाले. "पण शेळ्यांचे डोळे बोलतात. मीही सिनेमे काढतो. माझ्या युनिटमध्ये येशील?"

"येतो की साहेब! आत्ता येतो! कॅमेरा उचलीन, दिवे धरीन, झाडू मारीन! सांगाल ते करीन!"

"सगळं कर," साहेब म्हणाले, "फक्त फिल्मच्या डब्याला हात लावू नकोस!"