हातांकडे बघणारे सर

मोजणी सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. चारचौघांत ते खपून जाई, मयतीला मात्र अंगावर काटा यायचा. आमच्या कॉलनीतले आबा गेले, जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. लोक हार घालत होते आणि सर वाकून त्यांचे पंजे न्याहाळत होते. परतताना मला हळूच म्हणाले, "ओळंबा न लावता भिंत उभी करणारा हात होता. आता जळेल. आणि देशाच्या हिशेबात कुठेही वजाबाकी होणार नाही." असलं ऐकल्यावर घास उतरतो का घशाखाली? मी त्या दिवशी नुसता चहा घेतला.

धुळ्याच्या एका कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. त्यांचा विषय एकच, मानवी भांडवल. म्हणजे माणसाचं शिक्षण, तब्येत आणि हातातलं कसब. ते मोजायचं कसं आणि त्यातून देशाची वाढ किती होते ते शोधायचं. "कापसाच्या गाठी मोजता, मग माणूस मोजायला काय धाड भरलीय?" हे त्यांचं पालुपद; मोजणी सर हे नाव त्यावरूनच पडलेलं. सर जाऊन आता दोनेक वर्षं झाली. पण जळगावात वर्गावर हा धडा घेताना माझीही नजर पोरांच्या हातांवर जाते. पोरं बिचारी हात बाकाखाली घेतात.

एका प्रश्नावर आमचं नेहमी वाजायचं. सर विचारत, "केळीचे घड ट्रकने दिल्लीला गेले तरी पीक आपल्याच जिल्ह्याचं धरतात. मग इथं जन्मलेलं, इथं शिकलेलं पोरगं सुरतेला गेलं की ते कुणाचं?" मी म्हणायचो, "सर, जिथं राबतं तिथलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय." त्यावर ते हसून म्हणायचे, "पुस्तकाला आई नसते, बाबा." सरांपुढे शहाणपण चालवून कुणाचं भलं झालं नव्हतं.

याच कामासाठी सोनगीरच्या पुढच्या एका गावी आम्ही पाहणीला जायचो. दर दोन वर्षांनी तीच घरं, तेच प्रश्न. नियम असा की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेला माणूस त्या घरात धरायचा नाही. आमच्याकडची वैशाखातली दुपार कुणी अनुभवली असेल त्याला सांगायला नको. गल्लीत चिटपाखरू नसतं आणि आपल्याच चपलेचा आवाज मागून येतोसा वाटतो. त्या गावात तर निम्म्या दारांना कुलपं होती. शेजारच्या ओट्यावर बसलेले नाना म्हणाले, "बठ्ठा पोरे सुरतले गयात." सगळी पोरं सुरतेला गेलेली.

एक दार उघडं होतं. आत एकटी म्हातारी, सगळं गाव तिला मोठमाय म्हणे. घरात कोण कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मी शे. मना भटू शे." मी आहे, माझा भटू आहे. भटू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, आयटीआय करून लेथवर बसलेला. तो गुजरातेत एका कारखान्यात लागला होता. तिथे आग लागली, त्यात तो गेला असं नाना आम्हाला आधीच सांगून चुकले होते. मोठमायच्या हाती मात्र काहीच आलं नव्हतं, राखसुद्धा नाही.

मी नियमावर बोट ठेवलं. मोठमायने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती सरांना म्हणाली, "तुम्ही नाव काढी टाकशात, तं तो मरी जाई, भाऊ." मग मधल्या घराकडे हात करून म्हणाली, "मझार शे. इचारी ल्या."

आत आहे, विचारून घ्या. सर खरंच उठले आणि त्या अंधाऱ्या खोलीत गेले. मी ओट्यावरच थांबलो. मी पडलो देव-भूत न मानणारा, पण उंबरा काही ओलांडला नाही. आतून सरांचा आवाज आला, "हाताला काय येतं?" मग शांतता, उत्तर द्यायला लागते तेवढीच. "किती शिकलास?" पुन्हा शांतता. मध्येच सर म्हणाले, "जरा मोठ्याने बोल." मोठमाय मान डोलवत ऐकत होती. मला मात्र एक अक्षर ऐकू आलं नाही.

बाहेर आले तेव्हा सरांचा सदरा घामाने भिजला होता. जीपमध्ये मी विचारलं, "सर, आत कोण होतं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू विचारलंस तर मला सांगावं लागेल. नको विचारूस." भटूचं नाव राहिलं. पाहणी चालवणाऱ्या पुण्याच्या कार्यालयातून फोनवर फोन आले, सरांवर आकडे फुगवल्याचा ठपका आला, त्यांचं काम काढून घेण्याची भाषा झाली. सर एकच सांगत, "आई आहे म्हणतेय तोवर आहे."

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा मोठमाय महिन्यापूर्वीच वारली होती. नानांनी कुलूप काढून दिलं आणि ते उंबऱ्याबाहेरच थांबले. घराला बंद घराचा वास नव्हता. लेथवर लोखंड कापताना येतो तसा तेलाचा, तापल्या धातूचा वास होता. मला वाटलं, सर आता आत जातील. ते गेले नाहीत. ओट्यावर उभे राहून मला म्हणाले, "आता त्याला शे म्हणणारं कुणी उरलं नाही. नाव काढ."

मला भरून आलं. या माणसाने एका नावासाठी आपलं हे काम पणाला लावलं होतं. मी नाव काढलं. मधल्या घरात काहीतरी हललं, पाट सरकवून कुणी उठावं तसं. मी दाराकडे वळलो, तर सरांनी माझं मनगट धरलं आणि मला भिंतीकडे ओढून घेतलं. दार मोकळं झालं.

"थांब," ते म्हणाले. "त्याला आधी जाऊ दे."