औरंगपुऱ्यातली पाटी

आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांइतका ओशाळा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. इतर माणसं चूक झाल्यावर ओशाळतात. मास्तर सकाळी उठतानाच ओशाळलेले असत. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्या शेजारीच राहायचो, त्यामुळं ही लाज रोज जवळून पाहिली आहे. त्यांनी काढलेलं चित्र ज्या घरात टांगलेलं असे, तिथं ते चित्राकडं पाठ करून बसत, आणि यजमानानं कौतुक केलंच तर चहा थंड होईपर्यंत त्या चित्रातले दोष सांगत. त्यांच्या गावच्या, पिशोरच्या, एका पाटलाच्या दिवंगत वडिलांचं चित्र त्यांनी फोटोवरून काढलं होतं. घरची मंडळी ते पाहून डोळे पुसत होती आणि मास्तर हात जोडून, "नाक जरा लांब झालंय, मोठ्या मनानं घ्या," असं खुद्द चित्रालाच सांगत होते! वर्गात वस्तुचित्रासाठी ते घरून वांगी आणत. एकदा चित्रं अर्धवट असताना तास संपला, वांगी घरी गेली आणि वहिनींनी त्यांचं भरीत करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गाची माफी मागितली आणि प्रत्येकाच्या कागदावरचं वांगं स्वतः पुरं करून दिलं. वर मला म्हणाले, "भरीत लई चांगलं झालतं हो. त्याचीच जास्त लाज वाटायलीय."

या सगळ्याला आम्ही मनसोक्त हसायचो. एका बाबतीत मात्र हसायची सोय नव्हती. मास्तर औरंगपुऱ्याच्या बाजारातून जात नसत. शाळेचा सरळ रस्ता तिथूनच होता, पण ते मला म्हशी आणि गटारं चुकवत गल्लीबोळांतून वळसा घालून नेत. कारण त्या बाजारातल्या दुकानांवरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि त्यांच्या अक्षरांखाली दुसऱ्याच हातची अक्षरं होती. लहान वयात शहरात आल्यावर ब्रश कसा धरावा, रंग कसा कालवावा हे त्यांना एका उस्तादांनी शिकवलं होतं. निजामाच्या काळात बाजारातल्या उर्दू पाट्या म्हणजे उस्तादांचंच राज्य. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर दुकानदारांना एकाएकी मराठी पाट्या हव्याशा झाल्या. उस्तादांना मराठी अक्षरं येत नव्हती, मास्तरांना येत होती. नवा संसार होता, शाळेतली नोकरी अजून लागायची होती. मास्तरांनी सगळी कामं घेतली आणि उस्तादांच्या अक्षरांवर आपली अक्षरं रंगवत गेले. त्यानंतर उस्तादांच्या घराची पायरी चढायचं धाडस त्यांना झालं नाही.

थोड्याच पावसाळ्यांत वरचा रंग उडाला आणि खालची उर्दू अक्षरं डोकावू लागली. एका कापडवाल्या शेठनं शाळेत येऊन सगळ्यांदेखत मास्तरांना फैलावर घेतलं. "हे काय काम म्हणायचं का, मास्तर? लोक हसायलेत मला!" मास्तरांनी मान खाली घालून पुन्हा रंगवून द्यायचं कबूल केलं, आणि धीर यावा म्हणून रविवारी मला सोबत नेलं.

ते शिडीवर चढले, मी खाली शिडी धरून उभा. इतक्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि पाटीकडं बघत थांबले. मास्तरांची नजर खाली गेली आणि ब्रश जागच्या जागी थांबला. ते उस्तादच होते. मास्तर खाली उतरेनात की वर रंगवेनात, भिंतीकडं तोंड करून नुसते उभे. मलाच इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की शिडी सोडून पळावंसं वाटलं.

"नीचे उतर रे," उस्ताद म्हणाले. मास्तर उतरले. "पुराना रंग खुरचा नई तूने. अस्तर बी नई लगाया. मैं येइच सिखाया क्या तेरेकू?"

 जमिनीकडं बघतच मास्तर म्हणाले, "उस्ताद, आपके हर्फां थे. हाथ नई उठा."

जुना रंग खरवडून अस्तराचा पहिला हात चढवल्याशिवाय नवा रंग धरत नाही, हे माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही ठाऊक होतं. मास्तरांनी बाजारभर कच्चं काम केलं होतं ते जाणूनबुजून. उस्तादांची जागा त्यांनी घेतली, पण उस्तादांची अक्षरं खरवडणं त्यांच्याच्यानं झालं नव्हतं.

 उस्तादांनी काठी माझ्या हातात दिली, शेठला सांगून पाटी खाली उतरवून घेतली, मास्तरांच्या पिशवीतलं पातं काढलं आणि दुकानाच्या ओट्यावर बसून स्वतःची अक्षरं स्वतःच्या हातानं खरवडायला लागले. "नक्को, उस्ताद, नक्को," म्हणत मास्तर भर बाजारात लहान मुलासारखे रडत होते.

"चुप," उस्ताद वर न बघता म्हणाले. "कच्चा काम नक्को. लोगां बोलेंगे, मेरे शागिर्द कू रंग लगाना नई आता."

मास्तरांनी अस्तर लावून पुन्हा रंगवलेल्या त्या पाटीचा रंग मग कधी उडाला नाही. मास्तर उस्तादांकडं जायला लागले आणि उस्ताद होते तोवर जात राहिले. बाजारातली दुसरी कुठलीही पाटी मात्र मास्तरांनी पुन्हा रंगवली नाही; तिथं उस्तादांची अक्षरं तशीच डोकावत राहिली. आता मास्तरही नाहीत. ते असेपर्यंत दर वर्षी पावसाळा सरला की मला औरंगपुऱ्यात नेत आणि त्या दुकानासमोर उभं राहून, एखादं जुनं अक्षर वर आलंय का, ते डोळे बारीक करून शोधत. "चांगलं टिकलंय," मी म्हणायचो. मास्तर नुसती मान हलवत, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा बघायला यायचं ठरवूनच घराकडं वळत.